छोटी रिब घ्यायची आहे: २.७, ३.१ की ३.८ मीटर?

नमस्कार मंडळी,

या हंगामात एक छोटी रिब (खाली टणक तळ आणि कडेने हवेच्या ट्यूबा असलेली बोट) घ्यायचं घरात नक्की झालंय. आम्ही दोघं आणि दोन मुलं, नऊ आणि तेरा वर्षांची. खाडीत फिरायचं, एखाद्या पुळणीवर दिवस घालवायचा, थोडी मासेमारी करायची, इतकंच. उघड्या समुद्रात जायचा विचार नाही. २.७, ३.१ आणि ३.८ मीटर अशा तीन बोटी पाहून आलो. ३.१ च्या पाटीवर चार माणसं चालतात असं लिहिलंय, मग ३.८ साठी जास्तीचे पैसे कशाला, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. बोट गॅरेजमध्ये राहील, ट्रेलर अजून नाही. ज्यांच्याकडे रिब आहे त्यांनी मोकळेपणी सांगावं.

---

ताई, नमस्कार.

ट्रेलर नाही हे तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलंत, पण निम्मा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

आधी लांबीचं बघू. पत्रकातला आकडा बाहेरून बाहेर मोजलेला असतो. ट्यूबांची टोकं इंजिन लावायच्या मागच्या फळीच्याही मागे निघालेली असतात, नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा भाग ट्यूबच खाते आणि दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस सेंटिमीटर जाडीची ट्यूब. ३.१ मीटरच्या बोटीत आत मोकळी जागा उरते ती साधारण २.१ मीटर लांब आणि ८५ सेंटिमीटर रुंद. त्यातच पेट्रोलची टाकी, नांगर, वल्ही, डबे आणि तुमची चौघांची पावलं. म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी न्या आणि आतली लांबी स्वतः मोजा. दोन कंपन्यांच्या ३.१ मीटरच्या बोटींतही आत चांगला वीतभर फरक निघतो.

पाटीवरच्या चार माणसांबद्दल. तो आकडा खोटा नाही, पण तो भार आणि तरंगण्याचा हिशोब आहे, माणूस ७५ किलोचा धरून. चौघं बसणार कुठे, हे पाटी सांगत नाही. छोट्या बोटीत सगळे ट्यूबवर बसतात. मोठ्यांचं ठीक, पण चालत्या बोटीत मुलांनी नाळेवर बसायचं नाही, हा नियम आमच्याकडे कोणासाठीही मोडत नाही. नाळेवरून पडलेलं मूल सरळ बोटीखाली, पंख्याच्या दिशेने जातं. मुलं आत, खालीच बसणार असं धरा आणि मग जागा बघा. २.७ तिथेच बाद होते.

आता वजन. ३.१ ची अ‍ॅल्युमिनियमची बोट साधारण ५०-६० किलो, १५ एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन ५० च्या आसपास, १२ लिटर पेट्रोलचे नऊ किलो. मागच्या फळीला उतरणीची चाकं लावली की दोन मोठी माणसं ही बोट चांगल्या उतारावर वरखाली करू शकतात. ३.८ वर ३० एचपी लावलंत की बोट शंभरच्या जवळ, इंजिन सत्तरच्या पुढे, टाकीही मोठी. ती हाताने ओढायचा विचार सोडा, ट्रेलर लागणारच. आणि ट्रेलर घ्यायचाच असेल तर ३.८ वर का थांबायचं? कन्सोल (स्टिअरिंगचा खांब) आणि बसायची सीट लावायला ती अपुरी पडते, सुकाणू हातात धरून मागे बसायला उगाच जड. माझं स्पष्ट मत: हाताने न्यायची असेल तर ३.४ मीटर, २० एचपी. ट्रेलर येणार असेल तर ४.२ च्या पुढे जा. मधल्या मापात दोन्हीकडची अडचण पदरात पडते.

३.४ का, तर ३.१ पेक्षा आत एक फूट जास्त मिळतो आणि वजन फार वाढत नाही. १५ ऐवजी २० एचपी का, तर बऱ्याच कंपन्यांची ही दोन्ही इंजिनं एकाच ब्लॉकवरची असतात, वजन जवळजवळ सारखंच. दोघं असताना १५ वर बोट झटकन पाण्यावर उठते, चौघं आणि सामान असलं की नाळ आकाशाकडे करून नुसती पाणी ढकलत राहते. मात्र बोटीच्या पाटीवरची एचपीची मर्यादा ओलांडायची नाही.

---

काकांच्या मेलला जोडून थोडं.

ट्यूबचं कापड जरूर विचारा. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की कडक होतं, चिकट होतं, जोड सुटू लागतात. हायपालॉन हे रबरी कापड ऊन आणि पेट्रोल दोन्ही चांगलं सोसतं. तुमची बोट गॅरेजमध्ये राहणार, तेव्हा चांगल्या प्रतीचं पीव्हीसी चालून जाईल. ते पैसे मुलांच्या नीट मापाच्या लाइफ जॅकेटांवर घाला.

आणि हवा. छोट्या रिबचा दाब साधारण ०.२५ बार असतो. उन्हात तापलेल्या बोटीत तेवढा भरलात आणि ती तिच्यापेक्षा १५ अंशांनी थंड पाण्यात उतरवलीत, की गेजवरचा दाब जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरतो. ट्यूब नरम पडली की बोट मधे लवते आणि जड चालते, लोक मात्र इंजिनाला दोष देतात. पाण्यात उतरवल्यावर पाचेक मिनिटांनी पुन्हा पंप मारायचा. उलट, भरलेली बोट भर उन्हात किनाऱ्यावर ठेवणार असाल तर थोडी हवा सोडा.

खालचा टणक हल कशासाठी, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. वेल्समधल्या अ‍ॅटलांटिक कॉलेजात १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या रबरी बोटींचे तळ गोट्यांच्या किनाऱ्यावर घासून फाटायचे, म्हणून खाली लाकडी तळ लावून बघितला. त्यातूनच पुढे ब्रिटिश जीवरक्षक संस्थेची ‘अ‍ॅटलांटिक २१’ ही रिब आली, १९७२ मध्ये.

---

काका, ताई, मनापासून आभार. ट्रेलर नको असं ठरलं, त्यामुळे ३.४ बघतोय. विक्रेता पाण्यावर चाचणी देतो म्हणाला. काय बघू?

---

ताई, चौघंही जा आणि टाकी भरून घ्या, विक्रेत्याला एकट्याला चालवायला देऊ नका. टाकी नाळेकडच्या कप्प्यात ठेवता येते का बघा, वजन पुढे आलं की बोट लवकर सपाट होते. थ्रॉटल वाढवल्यावर नाळ काही सेकंदांत खाली यायला हवी. समोरचं दिसेनासं होऊन ती तशीच वर राहिली, तर तुमच्या भाराला ते इंजिन पुरत नाही. लाटेवरून तिरकी नेऊन बघा, मुलांच्या अंगावर किती पाणी येतं ते कळेल. किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी स्वतःच्या पायाला किंवा जॅकेटला अडकवा आणि एकदा ओढून इंजिन बंद पडतंय याची खात्री करा.

इंजिन वेगळं घेणार असाल तर मागच्या फळीची उंची मोजून घ्या. ३८ सेंटिमीटर असेल तर शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं इंजिन), ५१ असेल तर लाँग. ३.४ च्या बोटींत दोन्ही सापडतात.