गाडी कोरड्या फडक्याने पुसू नका
गाडी स्वच्छ ठेवण्याच्या या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की रोज सकाळी गाडीवर कोरडं फडकं मारलं की झालं, कृपा करून असं करू नका. आमच्या रत्नागिरीत जांभ्याची लाल धूळ आणि वर खारा वारा, फडकं फिरवलं की ते बारीक कण पेंटवर घासले जातात आणि उन्हात जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, माझ्या काळ्या गाडीचं बॉनेट असंच गेलं, अजून बघून वाईट वाटतं. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवा, मग 2 बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचं मऊ फडकं दरवेळी साध्या पाण्यात खळबळूनच परत शॅम्पूत. भांड्यांचा साबण नको, पेंटवरचा वॅक्सचा थर निघतो. आणि किनाऱ्यावरून आलात की खालून, चाकांच्या आतल्या बाजूला भरपूर पाणी मारा, मीठ तिथेच बसतं.