शब्दचर्चा : ऊर्जेची 'सुरक्षा' की 'शाश्वती'? आणि 'जलयुद्ध', 'हवामान निर्वासित' वगैरे

प्रश्न

हवामान, ऊर्जा आणि पाणी यांचा आंतरराष्ट्रीय सुरक्षेशी व विकासाशी असलेला संबंध, या विषयावरचा एक अहवाल मराठीत आणतो आहे. पहिल्याच पानावर 'सिक्युरिटी' हा शब्द चार जोड्यांत आला आहे : ऊर्जेची, पाण्याची, अन्नाची आणि राष्ट्राची. चारही ठिकाणी 'सुरक्षा' लिहिलं तर व्याकरणात चूक निघत नाही, पण 'ऊर्जा सुरक्षा' वाचताना वीजकेंद्राच्या फाटकावरचा पहारा डोळ्यांसमोर येतो. 'सुरक्षितता', 'संरक्षण', 'शाश्वती', 'हमी' यांतलं काय कुठे वापरावं? शिवाय 'जलयुद्ध' आणि 'हवामान निर्वासित' हे शब्द बातम्यांत रुळले आहेत. ते तसेच ठेवावेत का?

उत्तर

तुम्हाला पहारा दिसतो कारण मराठीत 'सुरक्षा' म्हटलं की राखण आधी आठवते. सुरक्षारक्षक, सुरक्षा दल : बाहेरून कोणी तरी येणार आणि त्याला अडवायचं. ऊर्जेच्या बाबतीत मूळ कल्पना तशी नाही. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली तेव्हा आयातदार देशांवर कोणी चाल करून गेलं नव्हतं. पुरवठा आखडला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. त्या धक्क्यातून १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली. तिच्या सदस्य देशांवर निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा बाळगण्याचं बंधन आहे. ती ऊर्जा सुरक्षेची व्याख्या करते ती अशी : परवडणाऱ्या दरात, खंड न पडता ऊर्जा मिळत राहणं. यात शत्रू नाही. यालाच आपण रोजच्या बोलण्यात शाश्वती म्हणतो. 'यंदा पाण्याची काही शाश्वती नाही' हे वाक्य समजायला कोणाला टीप लागत नाही.

पाण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाणीविषयक यंत्रणेने २०१३ मध्ये केलेल्या व्याख्येत पुरेसं आणि बऱ्या प्रतीचं पाणी कायम मिळणं आहे, प्रदूषणापासून आणि पूर-दुष्काळासारख्या आपत्तींपासून बचाव आहे, निसर्गव्यवस्था टिकवणं आहे, आणि हे सगळं शांततेच्या व राजकीय स्थैर्याच्या वातावरणात. शाश्वती, बचाव आणि जतन असे तीन अर्थ एकाच शब्दात बसवले आहेत. त्यात 'सुरक्षित पाणी' म्हणजे पिण्याजोगं पाणी, हा चौथा अर्थ वेगळाच. २०२२ मध्ये जगात सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतून मिळणारं पिण्याचं पाणी नव्हतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. तिथला 'सुरक्षित' हा जंतूंशी आणि नळाच्या अंतराशी संबंधित आहे, सैन्याशी नाही.

म्हणून माझा सल्ला असा. शीर्षकात आणि पारिभाषिक जागी 'ऊर्जा सुरक्षा', 'जलसुरक्षा', 'अन्नसुरक्षा' हेच राहू द्या. ते रुळले आहेत, अन्नसुरक्षा तर आपल्याकडे २०१३ च्या कायद्याच्या नावातच आहे. पण मजकुरात जिथे अर्थ पुरवठ्याचा आहे तिथे बिनदिक्कत 'शाश्वती' लिहा. लोकांचा जीव आणि मालमत्ता धोक्याबाहेर असण्याची स्थिती सांगायची असेल तर 'सुरक्षितता'. 'संरक्षण' हे लष्करासाठी आणि बचावासाठी राखून ठेवा.

ही नुसती भाषेची टापटीप नव्हे, यावर प्रत्यक्ष मतदान झालं आहे. हवामानबदल हा सुरक्षेचा प्रश्न आहे का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या पंधरा सदस्यांच्या सुरक्षा परिषदेत पहिली खुली चर्चा एप्रिल २००७ मध्ये ब्रिटनच्या अध्यक्षतेखाली झाली. १३ डिसेंबर २०२१ रोजी आयर्लंड आणि नायजर यांनी ठराव आणला की परिषदेने आपल्या कामात हवामानाशी निगडित धोके पद्धतशीरपणे धरावेत. बाजूने १२ मतं पडली. रशियाने नकाराधिकार वापरला, भारताने विरोधात मत दिलं, चीन तटस्थ राहिला. भारताचा मुद्दा असा की हवामानाची चर्चा जिथे सगळे देश बसतात त्या हवामान कराराच्या मंचावर व्हावी. विषय सुरक्षेचा ठरला की निर्णय पंधरा जणांच्या हाती जातो, आणि ज्यांनी सर्वाधिक कर्बवायू सोडले त्यांची जबाबदारी मागे पडते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ठराव आणणाऱ्या नायजरसारख्या साहेल प्रदेशातल्या (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या) देशाला दुष्काळ आणि बंडखोर टोळ्या एकाच गावात, एकाच वर्षी भेटतात. तिथल्या माणसाला हे विषय दोन मंचांवर वाटून घेता येत नाहीत. मला स्वतःला भारताची भूमिका प्रक्रियेच्या अंगाने पटते, नायजरची निकड मात्र तिच्यात उतरलेली दिसत नाही. अनुवाद करताना 'सुरक्षा' कुठे लिहितो याकडे लक्ष हवं ते यासाठी.

प्रतिसाद

'शाश्वती'ला माझी हरकत आहे. त्याच अहवालात पुढे 'शाश्वत विकास' येणारच. वाचकाला वाटेल दोन्ही एकच.

उत्तर

हरकत योग्य आहे, पण दोन्ही शेजारी आले तर फरक उलट स्पष्ट होतो. सौदी अरेबियाचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या देशाने वाळवंटाखालचं हजारो वर्षांपूर्वी साचलेलं भूजल उपसून गहू पिकवला. हेतू शाश्वतीचाच होता : धान्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको. गव्हाची निर्यात करण्यापर्यंत मजल गेली. पण त्या साठ्यात भर पडत नाही. २००८ मध्ये सरकारने ही शेती टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आणि २०१६ पर्यंत गहू पुन्हा आयातीवर आला. गव्हाची शाश्वती मिळाली होती, व्यवस्था शाश्वत नव्हती. हा भेद सांगायला मराठीत याहून सोयीचे शब्द नाहीत. तरीही गोंधळ वाटला तर 'हमी' वापरा. फक्त हमी म्हटलं की ती देणारा कोणी तरी लागतो, आणि पावसाची हमी कोण देणार?

प्रश्नकर्ता

आणि 'जलयुद्ध'?

उत्तर

टाळता येईल तिथे टाळा. पाण्यासाठी दोन राज्यांनी रीतसर युद्ध केल्याचं ठळक उदाहरण द्यायचं तर अभ्यासकांना सुमारे साडेचार हजार वर्षं मागे, मेसोपोटेमियातल्या लगाश आणि उम्मा या नगरांपर्यंत जावं लागतं. तंटे अखंड चालू आहेत, करारही शेकड्यांनी झाले आहेत. 'तंटा' हा आपल्याकडे पाण्याच्या बाबतीत मुरलेला शब्द आहे. लवादापुढे जातो तो पाणीतंटा. त्यात कडवटपणा आहे, पण तोडग्याला जागाही आहे. 'युद्ध' म्हटलं की ती जागा जाते.

नाईलवरच्या इथिओपियाच्या धरणाकडे बघा. बांधकाम २०११ मध्ये सुरू झालं, ९ सप्टेंबर २०२५ रोजी उद्घाटन झालं. जलाशय ७४ अब्ज घनमीटरचा, वीजक्षमता ५,००० मेगावॉटच्या वर. इथिओपियात ही विकासाची बातमी आहे. मोठ्या लोकसंख्येपर्यंत अजून वीज पोचलेली नाही आणि धरणासाठी सामान्य नागरिकांनी रोखे घेतले होते. इजिप्तमध्ये हीच बातमी अस्तित्वावरच्या संकटाची, कारण तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी नाईलचं. इजिप्त १९५९ च्या करारावर बोट ठेवतो. त्यात त्याच्या वाट्याला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानच्या वाट्याला १८.५ अब्ज घनमीटर आलं होतं. त्या करारात इथिओपिया नव्हताच, आणि नाईलचं बहुतेक पाणी त्याच्याच डोंगरांतून येतं. एकच भिंत, वरच्या देशात 'विकास' आणि खालच्या देशात 'सुरक्षा'. अशा ठिकाणी अनुवादकाने एका बाजूचा शब्द उचलला की तो नकळत पक्षकार होतो. 'नाईलचा पाणीतंटा' म्हणा, तो दोघांचाही आहे. मोठ्या दुष्काळात पाणी कधी आणि किती सोडायचं याचा बंधनकारक करार झालेला नाही, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तो 'जलयुद्ध' या मथळ्याखाली दिसेनासा होतो.

उलट बाजूचं उदाहरण सेनेगल नदीचं. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संयुक्त संस्था काढली. तिची धरणं कोणा एका देशाची नाहीत, सामाईक मालकीची आहेत, आणि खर्च व लाभ वाटून घेतले जातात. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, राजनैतिक संबंध तुटले. संस्था टिकली. नदीबद्दलचं असं लेखन आपल्याकडे फार कमी येतं याचं वाईट वाटतं.

प्रतिसाद

पण पाण्याचा शस्त्र म्हणून वापर होतोच की. त्याला काय म्हणायचं?

उत्तर

त्याला 'युद्धात पाण्याचा वापर' किंवा 'जलव्यवस्थेवरचा हल्ला' म्हणा. पाण्यासाठी युद्ध ही वेगळी गोष्ट. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं. ते त्या वेळी रशियाच्या ताब्यात होतं. जलाशयात सुमारे १८ अब्ज घनमीटर पाणी मावायचं. त्यावर जलविद्युत केंद्र चालायचं, दक्षिणेकडच्या शेतीचे कालवे भरायचे, क्रिमियाला पाणी जायचं, आणि सहा अणुभट्ट्यांच्या झापोरिझ्झिया केंद्राच्या थंडाव्याची व्यवस्था त्याच जलाशयावर होती. अणुभट्ट्या आधीच थांबवलेल्या होत्या आणि शेजारी वेगळं तळं होतं म्हणून निभावलं. पुढे थंडाव्याच्या पाण्यासाठी तिथे विहिरी घ्याव्या लागल्या. पाणी, ऊर्जा, अन्न यांच्या 'नेक्सस'ला, म्हणजे एकमेकांत गुंतलेपणाला, मराठी शब्द शोधत असाल तर वर्तमानपत्री 'साटेलोटे' इथे चालणार नाही, त्यात संगनमताचा वास आहे. 'परस्परावलंबन' जड वाटलं तरी बरोबर आहे.

सिंधू पाणीवाटप कराराबद्दल लिहिताना आणखी एक काळजी घ्या. १९६० चा हा करार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांत टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो 'स्थगित' ठेवला. 'रद्द केला' असं लिहू नका. करार संपवायचा तर दोन्ही सरकारांनी नवा करार करावा लागतो, असं त्याच्याच कलमात आहे.

प्रश्नकर्ता

'थ्रेट मल्टिप्लायर'साठी 'संकटजनक घटक' लिहिलं आहे.

उत्तर

'जनक' नको. या संज्ञेचा रोख नेमका उलटा आहे. अमेरिकेतल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या २००७ च्या अहवालामुळे ती प्रचारात आली : हवामानबदल संकट जन्माला घालतो असं नव्हे, असलेलं संकट वाढवतो. 'धोकागुणक' म्हणता येईल. मूळची संख्या शून्य असेल तर गुणाकारही शून्य, हे वाचकाला आपोआप कळतं. सीरियात २००६ नंतर काही वर्षं कडक दुष्काळ पडला हे खरं. पण भूजल आधीच उपसलं गेलं होतं आणि २००८ मध्ये सरकारने डिझेलवरचं अनुदान कमी केल्यावर शेतकऱ्यांना पंप चालवणं परवडेना. यादवीचं श्रेय एकट्या पावसाला दिलं तर राज्यकर्ते मोकळे सुटतात. 'जनक' या एका शब्दाने तसंच होईल.

प्रश्नकर्ता

'हवामान निर्वासित' राहिलं.

उत्तर

कायद्याच्या मजकुरात नको. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल या साधार भीतीने देश सोडलेला माणूस. समुद्र छळ करतो असं कायदा मानत नाही. समुद्राची पातळी वाढते आहे म्हणून आश्रय मागणाऱ्या, प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या बेटदेशाच्या योआने टाइटिओटा यांचा दावा न्यूझीलंडने याच मुद्द्यावर फेटाळला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही, पण हवामानामुळे जिवाला खरा धोका असेल तर माणसाला परत पाठवणं बेकायदा ठरू शकतं, हे तत्त्व मान्य केलं. शिवाय बहुतेक लोक सरहद्द ओलांडतच नाहीत. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाख लोक हलू शकतील असा अंदाज आहे, तो आपापल्या देशातल्या देशात. त्यांच्यासाठी 'हवामान विस्थापित' किंवा, जिथे जाण्यात थोडी तरी निवड आहे तिथे, 'स्थलांतरित'.

प्रतिसाद

याच अहवालात 'लॉस अँड डॅमेज' निधी असणार, म्हणजे हवामानबदलाने झालेल्या हानीसाठी गरीब देशांना मदत देणारा. आम्ही बातमीत 'नुकसानभरपाई निधी' लिहितो.

उत्तर

हे मात्र बदला. पॅरिस कराराच्या आठव्या कलमात हा विषय आला तेव्हा श्रीमंत देशांच्या आग्रहाने सोबतच्या निर्णयात स्पष्ट लिहिलं गेलं की या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा हक्क निघत नाही. निधी काढायचं २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत ठरलं आणि तो २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत मार्गी लागला, पण देणारे देश देतात ती स्वेच्छेची मदत म्हणून. बुडालेल्या बेटांना भरपाई मिळायला हवी असं मलाही वाटतं. ती मिळते आहे असं मथळ्यात लिहिलं तर मागणी पुरी झाल्यासारखी दिसते. 'हानी आणि नुकसान निधी' लिहा, आणि पहिल्या उल्लेखाजवळच एका वाक्यात सांगा की यात भरपाई धरलेली नाही.