मेळघाट: दिवस भरत आलेली बाई आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात आणून ठेवायची की गोळ्या पाड्यावर पोचवायच्या?

सातपुडा
धारणी-चिखलदऱ्यात पावसाळ्यात नाले भरले की कित्येक पाड्यांचा रस्ता तुटतो. तिथे "बाळंतपण दवाखान्यातच" एवढंच धरून बसलं तर बाईच्या जिवावर बेततं. आठव्या महिन्यातच आशाताईने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या घरी द्याव्यात, दाईलाही समजावून सांगावं. घरी बाळंतपण झालंच तर बाळ बाहेर आल्याबरोबर तिन्ही गोळ्या तोंडाने. सुई नको, फ्रिज नको. त्याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मिळत नसेल तिथे जागतिक आरोग्य संघटनाही हाच डोस सांगते.

प्रसूतिकक्ष
माझा विरोध आहे. कळा मंदावल्या म्हणून कुणी बाळ यायच्या आधीच गोळ्या दिल्या तर गर्भपिशवी फाटू शकते. जुळं असेल तर पहिलं बाळ बाहेर, दुसरं आत, आणि गोळ्या पोटात! देण्याआधी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री करावीच लागते.

शिवाय रक्त किती गेलं हे घरी कळत नाही. सारवलेल्या जमिनीत ते मुरतं, जुन्या लुगड्यात शोषलं जातं. अर्धा लिटर गेलं तरी थोडंच वाटतं. हिमोग्लोबिन 7 असलेल्या बाईला त्याहून कमीही झेपत नाही. वार अडकली, झटके आले तर गोळ्यांचा काय उपयोग? झटक्यांना मॅग्नेशियम सल्फेट लागतं, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, आणि मग लगेच पुढे पाठवणं. त्यासाठी बाई आधीच आरोग्य केंद्राशेजारी हवी. माहेरघर त्याचसाठी आहे.

सातपुडा
पण ती तिथे राहते किती दिवस? पाळीची तारीख नीट नोंदलेली नसली की अंदाज दोन-तीन आठवडे चुकतो. बाई आठ-दहा दिवस वाट बघते, कळा येत नाहीत, घरी लहान पोरं नि कोंबड्या-बकऱ्या, म्हणून परत जाते आणि घरीच बाळंत होते. तारीख विचारताना "होळीच्या आधी की नंतर, पोळ्याला पाळी आली होती का" असं सणांवरून विचारलं आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी झाली, तर निम्मी अडचण सुटेल.

रानवाटा
गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळाची काळजी घेतली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई घरी जन्मलेल्या बाळाला 1, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेटते, त्याचं मूळ तिथेच आहे. गावातल्या बाईच्या हाताला कमी लेखू नका.

प्रसूतिकक्ष
ते काम मोठंच आहे, पण बाळांसाठीचं. वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं गावात जमतं. रक्ताची बाटली गावात येत नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि जोराचा रक्तस्राव दोनेक तासांत जीव घेतो.

सातपुडा
मग केंद्रातलं ऑक्सिटोसिन तरी ताकदीचं हवं ना? ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) प्रसूतीच्या ट्रेमध्येच दिवसेंदिवस पडून राहिली तर 10 युनिट टोचूनही पिशवी आवळत नाही.

प्रसूतिकक्ष
हे शंभर टक्के मान्य. लसींच्या फ्रिजमध्ये ठेवा, बाळ येण्याच्या बेतात असेल तेव्हाच एक अँप्यूल बाहेर काढा. गोळ्यांबद्दल इतकंच मान्य करीन की त्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे असाव्यात, घरात नकोत.

सातपुडा
आणि उपकेंद्र नाल्याच्या पलीकडे असेल तर?