एबीएन काढला की ४८ तासांचा नियम लागत नाही का?

दुपारची_लेक्चरं:
मेलबर्नला विद्यार्थी व्हिसावर कोर्सवर्कचं मास्टर्स करतेय. कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करायची परवानगी. फेब्रुवारीपासून एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे. भांडी, चिरणं-सोलणं, शेवटी फरशी. मालक मराठीच, "तू मला मुलीसारखी" पहिल्या दिवसापासून चालू. आठवड्याला २४ तासांचे पैसे बँकेत येतात, वरच्या तासांचे पाकिटातून, १५ डॉलरने. आता म्हणतात एबीएन (स्वतंत्र धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) काढ, म्हणजे तू नोकर नाहीस, तुझा स्वतःचा धंदा, मग व्हिसाचे तास मोजतच नाहीत. जुलैचं पाकीट मात्र आलेलं नाही. विचारलं तर हसत म्हणाले, "जास्त तास तू केलेस. इमिग्रेशनला कळलं तर कोणाचं जाईल?" ते हसणंच जास्त लागलं. एबीएनचं खरं आहे का? आणि पैसे बुडाले समजू का?

बिनघोर:
सोड ती नोकरी. चार पैशांसाठी व्हिसा कशाला पणाला लावतेस? मी तरी भानगडीत पडलो नसतो.

थोरली:
बिनघोर, नोकरी सोडायची तर सोडू दे, पण पैसे का सोडायचे?

मुली, आधी एबीएन. साफ खोटं. स्वतःचा धंदा केलास तरी ते तास ४८ मध्ये धरले जातात. आणि रोस्टर त्यांचा, सुरी त्यांची, एप्रन त्यांचा, कधी यायचं तेही तेच सांगणार. यात तुझा धंदा कुठला आला? नोकराला कागदावर कंत्राटदार दाखवणं इथे बेकायदा आहे. त्यांचा फायदा एवढाच की सुपर, म्हणजे तुझ्या निवृत्तीचा फंड, भरायला नको, किमान वेतन द्यायला नको. मीही एकदा असाच एबीएन काढला होता. क्लीनिंगचं काम होतं. पायऱ्यांवरून पडले, मनगट मोडलं, तेव्हा कळलं की विमा कशाला म्हणतात. मालक म्हणाला, तू तर कंत्राटदार.

१५ डॉलरचं तर बोलूच नको. १ जुलै २०२५ ला किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअलला (कायम नसलेल्या कामगाराला) त्यावर सहसा २५ टक्के जास्त. पैसे पाकिटातून दिले म्हणून दर कमी होत नाही. रोख देणं गुन्हा नाही, पण पेस्लिप द्यावीच लागते, पगारानंतर कामाच्या एका दिवसात.

आता धमकी. १ जुलै २०२४ पासून व्हिसाची भीती घालून कामगाराला राबवणं, हाच मालकाचा गुन्हा आहे. तास ओलांडले असले तरी पगार मागायचा तुझा हक्क जात नाही. शिवाय शोषण झाल्याचं फेअर वर्क (कामगारांच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) किंवा मान्यताप्राप्त संस्थेनं प्रमाणित केलं, आणि पुढे अटी पाळायचं तू कबूल केलंस, तर व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मागता येतं. त्यामुळे मालक इमिग्रेशनला फोन करतीलच कशाला? पाकिटाचा हिशोब त्यांनाच द्यावा लागेल.

एक सांग, जुलैचे तास नेमके कोणत्या तारखांचे?

रोस्टरवाला:
थोरलीताईंना दुजोरा, फक्त एक भर. पंधरवडा पेस्लिपप्रमाणे धरायचा नसतो. कोणत्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस. म्हणजे १५, ३०, ३०, १० असे चार आठवडे केलेस तर पहिले दोन मिळून ४५, शेवटचे दोन ४०, वाटतं सगळं ठीक. पण मधले दोन मिळून ६०. मी पहिलं वर्षभर चुकीचंच मोजत होतो आणि वर मित्रांनाही शिकवत होतो.

दुपारची_लेक्चरं:
युनिव्हर्सिटीचं कॅलेंडर उघडून बसले. पहिलं सेमिस्टर जूनमध्ये संपलं, दुसरं २८ जुलैला सुरू. पाकीट अडलंय ते ७ ते २० जुलैचं, ६९ तास. मी हिवाळी युनिट, म्हणजे मधल्या सुट्टीत शिकवला जाणारा विषय, घेतलं नव्हतं. म्हणजे सुट्टीच ना?

थोरली:
सुट्टीच. कोर्स चालू नसताना तासांना मर्यादाच नाही. हसत घातलेली धमकी निम्मी इथेच गळाली.

दुपारची_लेक्चरं:
पण मे महिन्यात एकदा दोन आठवडे मिळून ५४ झालेत. रोस्टरवाला यांच्या पद्धतीनं मोजले तेव्हा सापडले.

थोरली:
ते लपवू नकोस आणि पुन्हा होऊ देऊ नकोस. एवढ्यासाठीच आधी जॉबवॉचला फोन कर. व्हिक्टोरियात ते कामगारांना फुकट कायदेशीर सल्ला देतात. मग फेअर वर्क, १३ १३ ९४. रोस्टरचे फोटो, मालकाचे मेसेज, घरी परततानाचा ट्रामचा टॅप, सगळं तारीखवार एका वहीत उतरव. आठवणीवर विसंबू नकोस. मागणी करायला सहा वर्षांची मुदत आहे, आठवण एवढी टिकत नाही.

दुपारची_लेक्चरं:
सोमवारची वेळ मिळाली जॉबवॉचची. मालकांना फक्त लेखी मेसेज टाकला: "७ ते २० जुलैच्या ६९ तासांचा पगार आणि पेस्लिप हवी." दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. आज शिफ्ट आहे.

बिनघोर:
जा शिफ्टला. आणि निघताना रोस्टरचा फोटो काढ.