उ: पावसाआधी वायपर ब्लेड बदलावेत का?
'पावसात रबर झिजतं, म्हणून मे अखेरीस दोन्ही ब्लेड बदला' हा वरचा सल्ला बरोबर, कारण मात्र अर्धंच. गोव्यात पाऊस ३००० मिमीच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. रबराचा जीव जातो तो उरलेल्या आठ महिन्यांत, उन्हात काचेला चिकटून. त्यात तांबडी धूळ. त्या धुळीवर कोरडा वायपर फिरवलात तर ब्लेडसोबत काचही गेली.

आणि नवे ब्लेड करकरले तर लगेच दुकानदाराशी भांडू नका (मी भांडलोय). माझ्या काचेवर तेलकट थर होता. भांड्यांच्या साबणाने काच धुतली, रबर ओल्या फडक्याने पुसलं, आवाज गेला. सिलिकॉनचे महाग ब्लेड घेणाऱ्यांनी तर आधी काचच धुवावी.