ग्लो स्टिक हवीच, पण टॉर्चऐवजी नको

कात्रज-सिंहगड रात्रीच्या ट्रेकला टॉर्चऐवजी ग्लो स्टिक (वाकवली की आतल्या रसायनांमुळे उजळणारी प्लास्टिकची कांडी) चालेल का, असं एकाने विचारलंय. अजिबात नाही! तिच्या उजेडात हातातला नकाशा दिसेल, घसाऱ्यावरचं पुढचं पाऊल नाही. हेडटॉर्च हवाच.

कांडी सॅकच्या मागे बांधा, म्हणजे मागच्याला पुढचा माणूस दिसत राहतो. सगळ्यात शेवटी चालणाऱ्याकडे तर असायलाच हवी. कुणी अडकलं तर हातभर दोरीला बांधून जोरात गरगर फिरवा, लांबून मोठं हिरवं कडं दिसतं. मोबाइलला रेंज असेल तर आधी ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

आणि उगाच आधीच वाकवू नका. आतली काचेची नळी फुटून रसायनं मिसळली की कांडी बंद करता येत नाही. थंडीत उजेड मंदावतो, मात्र जास्त वेळ टिकतो. वापरलेल्या कांड्या कृपया डोंगरात टाकू नका.