ई४६ बीएमडब्ल्यूचा गिअर नॉब निघेना: फिरवायचा की ओढायचा?

कोव्हेंट्रीकर
गाडी २००२ ची ३२५आय (ई४६ म्हणजे बीएमडब्ल्यू ३ सिरीजची तेव्हाची पिढी), पाच गिअरची मॅन्युअल. नॉबवरचं चामडं सोललंय, नवा आणून ठेवलाय. आटे असतील म्हणून डावीकडे पिळला, तर किंचित हलला आणि अडला. स्क्रू कुठेच दिसत नाही. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारं फवाऱ्याचं तेल) मारून पान्याने फिरवू का?

गिअरपेटी
थांबा, पाना लावू नका. या गाडीच्या नॉबला आटे नाहीतच. होंडात किंवा टोयोटात आटे असतात, म्हणून हात आपोआप पिळायला जातो. ई४६ मध्ये नॉब दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. आत प्लास्टिकची कडी दांड्याच्या खाचेत अडकते, आणि नॉब फिरू नये म्हणून वेगळा उंचवटा असतो. तुम्ही पिळलात तेव्हा हाच अडला. आणखी जोर लावला तर तो तुटेल, आणि मग नॉब दांड्यावर गरगर फिरत राहील.

आधी हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि दुसरा गिअर टाका, म्हणजे दांडा मागे येतो आणि वर मोकळी जागा मिळते. चामडी बुटाची (दांड्याभोवतीच्या आवरणाची) चौकट मागच्या कडेपासून बोटांनी उचकटा. लाकडी पट्टी असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालू नका, वार्निश लगेच टवकतं. बूट उलटा करून नॉबवर घ्या. नॉब उजळणारा असेल तर खाली वायरचा छोटा प्लग असतो, तो आधी सोडवा, नाहीतर झटक्यासरशी वायर तुटते.

आता नॉब दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढा. साधारण ४० किलोचा जोर लागतो, म्हणून लोकांना वाटतं की गंज धरलाय. तसं नसतं, कडीच घट्ट असते. चेहरा दांड्याच्या रेषेत बिलकूल आणू नका. नॉब सुटतो तो एकदम, आणि थेट हनुवटीवर किंवा आरशावर जातो. कोपर वाकवलेलं ठेवा, आणि सीटवर बसून ओढण्यापेक्षा मागच्या सीटवर गुडघे टेकून ओढलं तर जास्त जोर मिळतो.

नटबोल्ट
डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको. तेलाने हात सटकतात, आणि दांडा बुळबुळीत राहिला तर नवा नॉबही नीट धरत नाही. मारलंच असेल तर नवा बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा.

थंडीत जुनं प्लास्टिक कडक होतं. हेअर ड्रायर मध्यम आचेवर पाच मिनिटं फिरवा, मग ओढा. हीट गन नको, बूट आकसतो.

कोव्हेंट्रीकर
धन्यवाद. पिळणं बंद. पण दोन-तीनदा जोर लावला, तरी हलला नाही. खालून हातोडीने ठोकू का?

गिअरपेटी
नको. दांड्याचा खालचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत बसलेला असतो. वरच्या दिशेने झटके दिले की सगळा भार त्या वाटीवर येतो, ती निसटली तर गाडी उचलून खालून काम करावं लागेल. एका माणसाला दांडा खाली धरून ठेवायला सांगा: नॉब बसतो त्या भागाच्या बऱ्याच खाली, जाड कापड गुंडाळून व्हाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने). मग तुम्ही ओढा. पकड मिळत नसेल तर नॉबच्या तळाच्या कडेखाली सुती पट्टा दुहेरी गुंडाळा आणि दोन्ही टोकं समान ओढा. एका बाजूला तिरका ओढलात तर कडी अधिकच आवळते.

नटबोल्ट
एक गोष्ट आधी तपासा: मागच्या मालकाने बाजारातला नॉब लावला असेल तर तळाशी बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, आत रुतलेले) असतात, बहुधा २ मिमीच्या अ‍ॅलन कीचे (षटकोनी किल्लीचे). ते सोडवल्याशिवाय कितीही ओढा, येणार नाही. आरसा धरून खालून बघा.

नवा बसवताना गिअरचा नकाशा सरळ येईल असा उंचवटा जुळवा आणि तळहाताने सरळ खाली दाबा. कडी बसल्याचा टक् आवाज यायला हवा. नंतर वर ओढून बघा. अर्धवट बसलेला नॉब वळणावर गिअर टाकताना हातात येतो. गोंद लावू नका, पुढच्या वेळी काढताच येणार नाही.